आमच्या घरी कोणी पीत नाही

‘आमच्या घरी कोणी पीत नाही’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा रामरक्षाही ऐकली नसेल. ते संस्थानच्या हुजूर कचेरीत होते. दरबारच्या मेजवान्यांत भल्याभल्यांच्या हातात त्यांनी ग्लास पाहिले होते आणि स्वतः लिंबाचं सरबत पिऊन घरी आले होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, त्यांच्या पेन्शनचे कागद इंदूर-ग्वाल्हेर येरझाऱ्या घालू लागले, तरी हा अभिमान जागचा हलला नाही. ताईसाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी केवळ मुलाच्या काकाला क्लबातून बाहेर पडताना पाहिलं म्हणून परत पाठवलं होतं.

भांग मात्र आमच्याकडे चालत असे. शिवरात्रीला आणि रंगपंचमीला सरकारी ठेक्यावरून पुडी यायची, आई ती सोवळ्यानं धुवायची आणि बडीशेप, मिरे, बदाम घालून पाट्यावर गंधासारखी वाटायची. वडील आणि त्यांचे चार मित्र बैठकीत बसून ठंडाई घ्यायचे. त्या दिवशी ते उगीचच हसत, जुन्या दिवाणांच्या नकला करत, आणि संध्याकाळी दोनदा जेवत. पण त्याला नशा म्हणायची कुणाची छाती नव्हती. वडील तर भांग हा शब्दही उच्चारत नसत. ‘विजया’ म्हणत. शंकराचा प्रसाद होता तो, आणि प्रसादानं माणूस झिंगतो असं कोण म्हणेल?

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते समजायला हे लागतं. नाहीतर वाचणारा म्हणेल, शहाण्यासुरत्या घरातल्या मुलीनं असं कसं केलं.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि इंटरला होते. जावई भुसावळचे निघाले. त्यांचे वडील रेल्वेत, हे स्वतः पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसियर, आणि नेमणूक महूच्या पुढं मानपूरला, आग्रा-मुंबई सडकेच्या कामावर. दारूचं तर सोडाच, सुपारीचंही व्यसन नव्हतं. वडिलांनी तिथल्या तिथे होकार दिला. इंदुरात मराठी घरांतही मेहुण्याला जिजाजी म्हणतात, तसं मीही म्हणायला लागले. त्याचं त्यांना पहिल्यांदा फार हसू यायचं. “आमच्याकडे भावजी म्हणतात गं,” ते म्हणायचे. मी म्हणायची, “मग तुमच्याकडे जाऊन म्हणेन. यहाँ तो जिजाजीच.”

नाकासमोर चालणारा माणूस. उंच, थोडे वाकलेले, बोलताना हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक करून उघडायचे. त्यांची टिंगल करणं हा माझा त्या वर्षीचा मुख्य उद्योग होता, अभ्यास त्याच्या नंतर. टिंगल झाली की ते रागवत नसत, कानांपर्यंत लाल होत. मला त्यातच मजा यायची. आज मला त्या मुलीचा, म्हणजे माझाच, राग येतो. दुसऱ्याचे कान लाल करण्यात एवढं काय सुख होतं, ते आता आठवूनही सापडत नाही.

नव्या जावयाची थट्टा करायची ही आमच्या घरची रीतच होती. करंजीत कापूस भरायचा, पानात मिरची लपवायची, चपला लपवायच्या. मोठ्या काकांच्या जावयाला पहिल्या रंगपंचमीला भांगेची भजी खाऊ घातली होती, तेव्हा ते दोन तास तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालत होते आणि विचारलं की म्हणत होते, “अजून स्टेशन आलं नाही.” ही गोष्ट आमच्याकडे दर सणाला सांगितली जायची. सांगताना वडीलही हसत. जिजाजींनीही ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ऐकली होती.

म्हणून रंगपंचमीला ते आले आणि पानावर बसले, तेव्हा त्यांनी भज्यांच्या ताटलीकडे पाहून मला सरळच विचारलं.

“छोटी, यात काही नाही ना? मला आज परत जायचंय. सरकारी जीप आहे, ड्रायव्हरला सुट्टी दिलीय, मीच चालवणार. पाच वाजता मानपूरला साहेब येणार आहेत.”

मी म्हटलं, “छे हो, साधी कांद्याची आहेत.”

“शपथ?”

“देवाशपथ.”

आईनं दोन ताटल्या भरल्या होत्या असं नाही. तिनं एकच पीठ भिजवलं होतं. वडिलांच्या ठंडाईसाठी वाटलेल्या गोळ्यातला सुपारीएवढा तुकडा मी उचलला होता आणि थोडं पीठ वेगळं काढून त्यात कालवला होता. वास दबावा म्हणून ओवा आणि हिरवी मिरची भरपूर घातली. आई बैठकीत पाणी द्यायला गेली तेवढ्यात पाच-सहा भजी तळून घेतली. ताई दारात उभी राहून सगळं पाहत होती. ती म्हणाली, “अगं बस कर ना, नाराज होतील ते.” पण तीही पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं मला थांबवलं नाही हे मी तिच्यावर ढकलायला लिहीत नाही. ती तेव्हा विशीची होती, आणि आमच्या दोघींच्या डोक्यात तुळशीभोवती फिरणारे काकांचे जावई होते. जीप नव्हती.

त्यांनी चार भजी खाल्ली. चवीचं कौतुक केलं. मी वाट पाहत बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला, काही नाही. ते वडिलांशी पुलाच्या कमानींबद्दल बोलत राहिले, अगदी नीट. मला वाटलं, गोळा फार लहान झाला. हिरमुसले मी. भांग सावकाश चढते हे मला ऐकून माहीत होतं, पण ऐकलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. अडीच वाजता ते उठले. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली होती, रस्ते रंगानं आणि माणसांनी भरले होते, म्हणून मागच्या बाजूनं काढतो म्हणाले. आम्ही सगळी ओट्यावर उभी होतो. गल्लीतल्या कुणीतरी जीपच्या काचेवर गुलाल फेकला आणि ओरडलं, “अरे भिया, जमाई बाबू को सूखा ही भेज रहे हो क्या!” ते हसले, हातानं काच पुसली आणि गेले.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. जीप वळेपर्यंत वेळ होता. “थांबा, भज्यांत भांग होती” एवढं म्हटलं असतं तर वडिलांची एक थप्पड बसली असती आणि जिजाजी आमच्या माजघरात संध्याकाळपर्यंत झोपले असते. पण थट्टा फसली होती, फसलेली थट्टा कबूल करायची कशाला, असं वाटलं मला. खरंच एवढंच वाटलं.

साडेचारच्या सुमाराला एक शिपाई सायकलवरून आला.

आता जिथे राजेंद्र नगर आहे, घरंच घरं झाली आहेत, तिथे तेव्हा सडकेच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं होती. शहरात दूध घालून, रंग खेळून एक दूधवाला सायकलवर गावाकडे परत चालला होता. मागं दोन रिकाम्या बरण्या. जीप मागून आली आणि सरळ रस्त्यावर त्याच्या अंगावरून गेली. दवाखान्यात नेईपर्यंत तो वाटेत गेला. जिजाजी पळाले नाहीत. त्यांनीच शेतातल्या लोकांना हाका मारल्या, त्यांनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या अंगावरचं रक्त आणि त्याच्या अंगावरचा रंग कुणाला वेगळा करता येईना, असं शिपाई सांगत होता. डॉक्टरनं लिहिलं, दारूचा वास नाही, पण डोळे तांबारलेले, जीभ जड, भांगेची नशा.

वडील शिपायाला म्हणाले, “नशा? आमच्या घरून गेलेत ते. आमच्या घरी कोणी पीत नाही.”

त्या रात्री मी आईला सांगितलं. आईनं वडिलांना सांगितलं. वडील माझ्याकडे आले, मी मार खायला तयार होते, पण त्यांनी हात उचलला नाही. नुसते बघत राहिले, आणि मग म्हणाले, “कुणाकुणाला माहीत आहे?” मी म्हटलं, ताईला. “बरं,” म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मी पुढं कैक वर्षं म्हणत आले.

वडिलांच्या ठंडाईच्या मित्रांपैकी एक वकील होते. संस्थानच्या काळापासून फौजदारी चालवत. चार दिवसांनी ते घरी आले. बैठकीचं दार लोटलं, आणि मला आत बोलावलं. मी जमिनीवर बसले. वकीलसाहेबांनी जाडजूड पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि वडिलांना म्हणाले,

“बघा, कायदा इथे मोठा समजदार आहे. माणसानं स्वतः नशा केली तर ती सबब चालत नाही. पण त्याच्या नकळत कुणी खाऊ घातली असेल, आणि तो शुद्धीत नसेल, तर गुन्हा त्याच्यावर येत नाही. म्हणजे साफ सुटण्याचा रास्ता आहे. पण ते शाबित करावं लागतं. ही मुलगी साक्षीला उभी राहिली, आणि म्हणाली की मी घातली, त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हटलं, तर केस उभी राहते.”

“आणि हिचं काय?” वडिलांनी विचारलं.

“हिचं सांगता येत नाही. सरकारी वकील सोडणार नाही. हिच्यावरही काही लावू शकतात. नाही लावलं तरी नाव तर होणारच. अखबारवाले बसलेलेच असतात.”

मला उज्जैनहून स्थळ आलं होतं, मुलगा कॉलेजात शिकवत होता, पत्रिका जुळली होती. हे वडिलांना माहीत, मला माहीत, वकीलसाहेबांना माहीत. वडील शेवटी म्हणाले, “आमच्या घरची मुलगी कोर्टात पिंजऱ्यात उभी राहणार नाही.”

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. “बेटा, तुझं काय म्हणणं?”

हा प्रश्न मला विचारला गेला होता. लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, म्हणजे मनातल्या मनात, की तेव्हा मुलींना कोण विचारतं, वडिलांनी ठरवलं आणि संपलं. तसं झालं नाही. एक म्हातारा, शहाणा माणूस चष्मा काढून माझ्या तोंडाकडे बघत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटलं, “बाबा म्हणतील तसं.” आणि म्हणताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. सुटले, असं वाटलं मला. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते, भजी घातल्याची वाटते त्याहून जास्त.

“मग प्रश्नच मिटला,” वकीलसाहेब पुस्तक मिटत म्हणाले. “कारण आरोपीही तेच म्हणतोय. मी त्याला जेलमध्ये भेटलो. मी विचारलं, तुम्हाला कुणी फसवून दिली का? तर म्हणाला, ते राहू द्या. म्हणाला, लिहून घ्या की मला माहीत होतं. मी तीन वेळा विचारलं. तीनही वेळा तेच.”

वडिलांचे डोळे भरून आले. “सोन्यासारखा माणूस आहे,” ते म्हणाले. “मुलीच्या नावासाठी करतोय.”

मलाही तेच वाटलं. घरात सगळ्यांनाच तेच वाटलं. त्या दिवसापासून जिजाजी आमच्या घरात देवमाणूस झाले, आणि देवमाणसाला आपण तुरुंगात पाठवतो आहोत ही गोष्ट कुणी बोलायचं कारण उरलं नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. वडिलांनी मग आपली सगळी हुजूर कचेरीतली अक्कल एका वेगळ्याच कामाला लावली. ‘नशा’ हा शब्द कागदातून काढावा आणि ‘विजया सेवन’ असं लिहावं, म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. सुंदर मोडी वळणाच्या बाळबोधीत लिहिलेले अर्ज. कोर्टानं अर्थातच केराची टोपली दाखवली. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा ते रोज सकाळी अंघोळ करून, गंध लावून अर्ज लिहायला बसत, आणि कुणाला हसू येत नसे.

खटला चालू असताना ती बाई एकदा आमच्या घरी आली. दूधवाल्याची बायको. बरोबर दीर होता. ती फाटकाशी उभी, तोंडावर घूंघट छातीपर्यंत ओढलेला. वडील ओट्यावर आले. मी दाराआड होते. तिनं घूंघटातूनच विचारलं, “बाबूजी, वो थारे यहाँ से पीके गया था के?”

वडील म्हणाले, “हमारे घर में कोई पीता नहीं, बाई.”

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. आणि ते खोटंही नव्हतं. दीर म्हणाला, “चाल.” ती गेली. दार आणि ओटा यांच्यामध्ये एक उंबरा होता. मी तो ओलांडला नाही.

जिजाजींना एक वर्षाची शिक्षा झाली. नोकरी गेली. ताई त्या वर्षभर आमच्याकडे राहिली. माझ्याशी ती कधी भांडली नाही. पुढच्या माघात माझं लग्न झालं, तेव्हा माझा अंबाडा तिनंच घातला, इतका घट्ट की विहीणपंक्तीपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. मी सैल कर म्हटलं नाही. त्यानंतर आमच्या दोघींमध्ये कपडे, मुलं, भाव, सगळ्या विषयांवर बोलणं झालं, हा एक सोडून.

सुटल्यावर जिजाजींना सियागंजात एका लोखंडी सामानाच्या दुकानात काम मिळालं. पाईप, पत्रे, खिळे. कमानींचे हिशेब करणारा माणूस खिळे तोलू लागला. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. इतकंच काय, सायकलही घेतली नाही. घर ते सियागंज पायी, उन्हात पायी, पावसात पायी. मी माहेरी आले की त्यांना भेटायचे, ते तितक्याच प्रेमानं “काय छोटी” म्हणायचे. ह्या माणसानं माझं नाव वाचवायला स्वतःचं आयुष्य धुळीला मिळवलं, आणि तो माझ्याशी हसून बोलतो, हे मला सहन व्हायचं नाही. मी जाणं कमी केलं. उपकाराचं ओझं म्हणतात ते हेच असावं असं मी समजत होते.

मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश झाला. वडील गेले. वकीलसाहेब त्यांच्याही आधी गेले. ताईही गेली, पन्नाशीच्या आतच, आणि तिच्या दिवसांना मी आठ दिवस इंदुरात राहिले. शेवटच्या दिवशी दुपारी घरात मी आणि जिजाजी दोघंच होतो. मी ठरवून बसले होते. म्हटलं, आता नाही बोलले तर हे तोंड घेऊन मीही जाईन.

म्हटलं, “जिजाजी, तुम्ही माझ्यासाठी तेव्हा खोटं बोललात. मी तुमची गुन्हेगार आहे.”

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी कुठल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते आहे.

“कधी खोटं बोललो?”

“कोर्टात. मला माहीत होतं म्हणालात. तुम्हाला कुठे माहीत होतं? मी तर देवाची शपथ घेतली होती.”

“खाताना माहीत नव्हतं,” ते म्हणाले. जुन्या सवयीनं त्यांनी एक बोट उघडलं. “पण चालवताना माहीत होतं.”

मग त्यांनी सांगितलं. महू नाक्यापाशी त्यांना एका दुकानाची पाटी वाचून हसू आलं होतं. पाटीत हसण्यासारखं काही नव्हतं. मग हातातलं चाक फार दूर आहे असं वाटायला लागलं. तेव्हा त्यांना कळलं. ओवा आणि मिरची इतकी का घातली होती तेही कळलं. त्यांनी जीप बाजूला घेतली, उभी केली.

“उभी केली होती?” मी विचारलं.

“हो. पाच-सात मिनिटं उभा होतो. परत फिरायला पाहिजे हे कळत होतं. घर दीड मैलावर. वळवून आणली असती, नाही तर तिथेच सोडून चालत आलो असतो. पण डोळ्यांपुढे तुमचा ओटा आला. तुम्ही सगळी उभी. म्हटलं, आता जन्मभर हेच ऐकावं लागेल. तुळशीला फेऱ्या घालणाऱ्या जावयाची गोष्ट ऐकली होती ना मी. म्हटलं, दुसरी गोष्ट आपली होणार. म्हणून पुढं गेलो. रिकामी सडक होती, म्हटलं, हळू नेऊ.”

“मग वकिलांना तसं का सांगितलंत?” मी विचारलं.

“वकिलांनी विचारलं, माहीत होतं का, तर मी म्हटलं, ‘होतं.’ खोटं कुठे बोललो? माणूस मेल्यावर कुणी काय खायला घातलं हे काय सांगायचं? थांबलेली गाडी मी पुन्हा चालू केली होती.”

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना देव करून बसलो होतो, आणि तो माणूस फक्त खरं सांगत होता. आम्हाला ते ऐकूच आलं नाही, कारण आमच्या सोयीचं दुसरं काहीतरी आम्ही ऐकून घेतलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. गुन्हा माझा नव्हता असं तो माणूस स्वतः सांगत होता, आणि वकीलसाहेब असते तर त्यांनीही मान डोलावली असती. पण मला उलट झालं. माझी भजी एक वेळ पोटात जिरून गेली असती. ज्याला भिऊन ते परत आले नाहीत, ते आमचं हसणं होतं.

“त्या बाईला सांगितलंत हे?” मी विचारलं.

“मी सुटल्यावर गेलो होतो तिच्या गावाला. तिच्या दिरानं उभं राहू दिलं नाही. बरोबरच होतं त्याचं.” मग म्हणाले, “तू जाऊ नकोस. आता काय उपयोग?”

मी दुसऱ्या दिवशी गेले. राजेंद्र नगरात तोपर्यंत बंगले झाले होते, त्यांच्या मागं ते गाव अजून उरलं होतं. दोन ठिकाणी विचारावं लागलं. ती गोठ्यात होती, म्हशीला पेंड घालत होती. घूंघट आता कपाळापर्यंतच होता. नवऱ्यामागं तिनं दुधाचा धंदा सोडला नव्हता. मी कोण ते सांगितलं. तिनं खाट दाखवली, मी बसले नाही. उभ्यानंच, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. भजी, शपथ, वकील, आणि त्या दिवशी मी दाराआड होते तेही. सांगताना मला वाटत होतं की ती आता ओरडेल, हाकलून देईल, आणि ते बरं होईल.

ती ऐकत राहिली. पेंडीचे हात लुगड्याला पुसले. मग विचारलं,

“थूँ कितरा बरस की थी?”

“सत्रह,” मी म्हटलं. आणि खरं सांगते, म्हणताना मनात कुठेतरी आशा होती की ती म्हणेल, पोर होतीस, जाऊ दे.

ती माझ्याकडे बघत होती. राग दिसला नाही मला. हिशेब लावल्यासारखं ती बघत होती, माझ्या केसांकडे, कुंकवाकडे, हातातल्या बांगड्यांकडे.

“उस बखत म्हूँ भी सत्रह की थी,” ती म्हणाली.

घूंघटाआड मी नेहमी एक मोठी बाई धरून चालले होते. ती माझ्याच वयाची होती. तिनं बादली उचलली आणि दुसऱ्या म्हशीकडे गेली. ती विधवा झाली त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती.